पोहरादेवीच्या गर्दीचं काय झालं?

प्रश्न: २०२१ मध्ये दुकान उघडं ठेवलं म्हणून मी दंड भरला. पुढाऱ्यांना नियम नव्हते का?
– एक व्यापारी, अकोला

उत्तर: तुमची चीड रास्त आहे. २२ फेब्रुवारीच्या रात्री कोरोनाच्या टाळेबंदीत अमरावती बंद झाली. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन वनमंत्री संजय राठोड वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला आले आणि तिथे हजारोंची गर्दी उसळली. गुन्हे नोंदले गेले ते गर्दीवर! पण निर्बंध मोडणाऱ्याला शिक्षा सांगणारं आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ५१ मंत्र्यालाही सूट देत नाही. कलम ६० नुसार तर ३० दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः न्यायालयात जाऊ शकला असता. हे तेव्हा लोकांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आता अशा तक्रारीची मुदत सरली. पण १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. त्या गुन्ह्यांचा तपास कुठवर गेला, हे वाशीम पोलिसांना जरूर विचारा.