मेंदूतील रक्तस्राव : प्रतिमानिदानाचे शास्त्र आणि आरोग्यसेवेपुढील आव्हान

अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच आपल्याकडे ‘लकवा मारला’ असे म्हटले जाते. या लक्षणांमागे परस्परविरुद्ध अशी दोन कारणे असू शकतात. पहिल्या प्रकारात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, तर दुसऱ्या प्रकारात ती फुटून रक्तस्राव होतो. पहिल्या प्रकारच्या योग्य रुग्णांना साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध देता येते. तेच औषध रक्तस्रावाच्या रुग्णास दिल्यास प्राणघातक ठरू शकते. केवळ बाह्य तपासणीवरून या दोहोंतील भेद खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच उपचाराची दिशा मेंदूच्या प्रतिमेवर अवलंबून असते.

सीटी स्कॅनचे तत्त्व

ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या यंत्राने 1971 मध्ये लंडन येथे रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेण्यात आला. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉरमॅक यांना 1979 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रात निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडले जातात आणि ते किती प्रमाणात शोषले गेले यावरून संगणक मेंदूच्या आडव्या छेदांची चित्रे तयार करतो. शोषणाचे मोजमाप ‘हाउन्सफील्ड एकक’ या परिमाणात करतात. या मोजपट्टीवर पाण्याचे मूल्य 0, हवेचे उणे 1000, मेंदूच्या द्रव्याचे साधारणतः 20 ते 40 आणि ताज्या गोठलेल्या रक्ताचे साधारणतः 60 ते 80 असते. त्यामुळे करड्या मेंदूत ताजा रक्तस्राव पांढराशुभ्र उठून दिसतो.

हा पांढरेपणा मुख्यतः रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रथिनामुळे येतो. साहजिकच तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णात ताजा रक्तस्रावही फिकट दिसू शकतो. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्थानावरून कारणाचा शोध

रक्तस्राव कोठे झाला, यावरून त्याच्या कारणाचा अंदाज बांधता येतो. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या उच्च रक्तदाबामुळे मेंदूच्या खोल भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल होतात. त्यामुळे असे रक्तस्राव प्रामुख्याने मेंदूच्या गाभ्यातील केंद्रकांत, थॅलॅमसमध्ये, मस्तिष्क-स्तंभात किंवा लहान मेंदूत आढळतात. वृद्धांमध्ये मेंदूच्या पृष्ठभागालगतच्या भागात रक्तस्राव झाल्यास रक्तवाहिन्यांच्या भित्तीत अमायलॉइड प्रथिन साचल्याची शंका घेतली जाते. मेंदूच्या तळाशी, आवरणांखालील जागेत चांदणीच्या आकारात रक्त पसरलेले दिसल्यास रोहिणीवरील फुगा फुटल्याची शक्यता असते. अशा वेळी रक्तवाहिन्यांचे चित्रण करणारी सीटी अँजिओग्राफी आवश्यक ठरते.

आकारमान, वाढ आणि दाब

रक्तगाठीचे आकारमान काढण्याची एक सोपी रीत प्रचलित आहे. गाठीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास दोनने भागतात. उदाहरणार्थ, 5, 4 व 3 सेंटिमीटर मापाची गाठ सुमारे 30 मिलिलिटरची ठरते. 30 मिलिलिटर किंवा त्याहून मोठी गाठ, मेंदूतील पोकळ्यांत उतरलेले रक्त, मेंदूच्या खालच्या भागातील रक्तस्राव, 80 वर्षे वा त्याहून अधिक वय आणि खालावलेली शुद्ध ही गंभीर परिणामांची पूर्वसूचना देणारी चिन्हे मानली जातात.

पहिली प्रतिमा हे अंतिम चित्र नसते. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत पहिल्या काही तासांत गाठ वाढते. अँजिओग्राफीत गाठीच्या आत चमकणारा ठिपका दिसल्यास रक्त अद्याप पाझरत असल्याचा तो संकेत असतो. पुढील काही दिवसांत गाठीभोवती सुजेचे काळसर वलय वाढते, मेंदूची मध्यरेषा सरकते आणि प्रमस्तिष्क मेरुद्रवाचा मार्ग अडल्यास पोकळ्या फुगतात. लहान मेंदूतील मोठ्या गाठीत हा धोका विशेष असून तातडीच्या शस्त्रक्रियेने प्राण वाचू शकतात.

काळानुसार बदल आणि एमआरआय

पहिल्या काही आठवड्यांत गाठीचा पांढरेपणा ओसरतो, ती मेंदूच्याच रंगाची होते आणि कालांतराने तेथे काळसर पोकळी उरते. परिणामी, काही आठवड्यांनी रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णाच्या सीटीवरून मूळ आघात रक्तस्रावाचा होता की रक्तवाहिनी बंद झाल्याचा, हे ठरविणे कठीण जाते.

येथे एमआरआय उपयुक्त ठरते. गाठीतील हिमोग्लोबिन क्रमाने ऑक्सिहिमोग्लोबिन, डीऑक्सिहिमोग्लोबिन, मेथहिमोग्लोबिन आणि अखेरीस हिमोसिडेरिन या अवस्थांतून जाते. प्रत्येक अवस्थेचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असल्याने रक्तस्रावाचे वय अजमावता येते. हिमोसिडेरिनमधील लोहाची काळी खूण वर्षानुवर्षे टिकते. पूर्वी झालेले, लक्षणे न दाखविणारे सूक्ष्म रक्तस्रावही विशिष्ट एमआरआय चित्रणात ठिपक्यांच्या रूपाने दिसतात.

धोरणात्मक बाजू

निदान अचूक असले तरी ते वेळेत होणे तितकेच महत्त्वाचे आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारताचाही सहभाग असलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात रक्तदाब, रक्तशर्करा व ताप यांवर त्वरित नियंत्रण आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम उलटविणे या एकत्रित उपचारांनी रुग्णांची स्थिती सुधारल्याचे दिसून आले. या उपचारांना महागडी साधने लागत नाहीत. मात्र त्यांचा आरंभ सीटी स्कॅनने होतो.

या दृष्टीने 2015 मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत सुरू झालेल्या मोफत निदान सेवा उपक्रमात सीटी स्कॅन व दूरस्थ क्ष-किरण निदान यांचा समावेश करण्यात आला, ही महत्त्वाची बाब होय. दूरस्थ निदानामुळे जिल्हा रुग्णालयातील प्रतिमा शहरातील तज्ज्ञ काही मिनिटांत पाहू शकतो. प्रतिबंधाच्या बाजूने 2010 मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2023 मध्ये त्याचे असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात रूपांतर झाले. 2017 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम हाती घेण्यात आला.

सीटीवरील पांढरा डाग हा बहुधा वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या रक्तदाबाचा शेवटचा पुरावा असतो. जिल्हा स्तरावर चोवीस तास चालणारे सीटी यंत्र, ते हाताळणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ, वेळेवर मिळणारी रुग्णवाहिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची नियमित तपासणी व अखंड औषधपुरवठा ही साखळी जोडली गेली, तरच प्रतिमानिदानातील प्रगतीचा लाभ सामान्य रुग्णापर्यंत पोहोचेल.