दोन कप्पे रिकामे असताना

अगं, हायब्रिड डिस्क घे, मशीन पळेल म्हणणारा तुझा दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण निम्मंच सांगतोय. हायब्रिड डिस्क म्हणजे आपली नेहमीची, तबकड्या फिरणारी हार्ड डिस्क आणि तिच्याच सर्किटवर बसवलेली थोडीशी फ्लॅश मेमरी. थोडीशी म्हणजे किती, हे विचारलंस का त्याला? खोक्यावर मोठ्या अक्षरांत दिसतात ते एक टीबी, दोन टीबी हे तबकडीचे आकडे. सीगेटने २०१३ मध्ये डेस्कटॉपसाठी हायब्रिड आणली तेव्हा तिच्यात फ्लॅश होती ८ जीबी. पुढे तीच जात 'फायरकुडा' नावाने विकायला आली, तेव्हाही ८ जीबीच.

आता ही ८ जीबी म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा समज. मोहरी, हळद, हिंग, रोज हात जातो तेवढंच त्यात. बाकी सगळं माळ्यावर. त्यात काय ठेवायचं हे तुझ्या हातात नसतं, डिस्क स्वतःच बघते की कुठला भाग पुन्हापुन्हा वाचला जातोय. म्हणून विंडोज सुरू होणं दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर खरंच चटपटीत होतं. कोरलड्रॉ रोज उघडतेस, तेही लवकर उघडेल. पण काल रात्री कॅमेऱ्यातून उतरवलेला लग्नाचा अल्बम? तो कधी वाचलेलाच नाही, म्हणजे माळ्यावरूनच येणार. आणि तू सेव्ह करतेस तेही बहुतेक सगळं तबकडीवरच जातं. तुझं काम तर रोज नव्या गिऱ्हाइकाचं, नव्या फायलींचं. त्यात हायब्रिडचं शहाणपण फारसं उपयोगी पडत नाही.

तबकडी का रडवते माहितीये? मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते डोकं इकडून तिकडे सरकायचा वेळ वेगळा. इथे-तिथे विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या तर सेकंदाला फार तर शंभरेक जागा होतात. एसएसडी म्हणजे निव्वळ फ्लॅशची डिस्क, तिच्यात फिरायलाच काही नसतं, तिथे हाच हिशोब हजारोंत जातो. तुझे शेकडो फॉन्ट लोड होताना जो जीव जातो ना, तो इथे जातो.

हायब्रिडचा जन्म झाला तोही मुळात लॅपटॉपसाठी. २०१० मध्ये सीगेटची 'मोमेंटस एक्सटी' आली, तेव्हा एसएसडी महाग होती आणि लॅपटॉपमध्ये डिस्कला जागा एकच. दोन्ही हवं तर एकाच डबीत कोंबणं भाग होतं. तुझ्या टेबलाखालच्या त्या ढमाल्या कॅबिनेटला ही अडचण आहे कुठे? बाजूचं पत्र्याचं झाकण काढून बघ, आत कप्पे रिकामे असतील. म्हणून माझं मत सरळ आहे: छोटी एसएसडी घे, ५०० जीबीच्या आसपासची, तिच्यावर विंडोज, कोरल, फोटोशॉप आणि चालू काम, जुनी हार्ड डिस्क आत तशीच राहू दे, संपलेल्या कामांच्या कोठारासाठी. अॅपलनेही २०१२ मध्ये 'फ्यूजन ड्राइव्ह' काढली तेव्हा आत वेगळी १२८ जीबीची एसएसडी आणि वेगळी हार्ड डिस्कच होती, सॉफ्टवेअरने जोडलेली. नंतर काही मॉडेलांत त्यांनी ती फ्लॅश २४ जीबीवर आणली. काटकसर कुठे करायची याचं मोठ्या कंपन्यांनाही भान सुटतं बघ.

एक आहे, कुणी हायब्रिड फुकट देत असेल तर नाही म्हणू नकोस. साध्या हार्ड डिस्कपेक्षा ती बरीच. पण पैसे मोजून आज ती घेणं म्हणजे बहुधा पडून राहिलेला माल घेणं. दुकानात दिसलीच, तर वॉरंटी आधी बघ.

पण थांब, पैसे काढण्याआधी एक कर. काम अडकलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसली, तर शेजारची मेमरीही बघ. रॅम चारच जीबी असेल आणि काठोकाठ भरलेली असेल, तर बिचारी डिस्क रॅमचं ओझं वाहतेय. मग रॅमही वाढवावी लागेल, नाहीतर नवी एसएसडी लावूनही तू मलाच बोल लावशील.

झाकण उघडशील तेव्हा मशीन बंद, प्लग काढलेला, आणि आधी पत्र्याला हात लावून मग आत. मदरबोर्डवर साटाचं एखादं पोर्ट मोकळं आहे का आणि पॉवर सप्लायची चपटी साटा पिन शिल्लक आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर डीव्हीडी ड्राइव्हची काढ. गेल्या वर्षभरात सीडी मागायला कोण आलं होतं? बोर्ड जुना, साटा-२ चा असला तरी एसएसडी चालते. पूर्ण वेगाने नाही, पण तुला फरक कळेल इतक्या वेगाने नक्की.

आणि हे नीट ऐक, कारण दुकानातली पोरं घाईत इथेच चुकतात. एसएसडीवर विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायला सांग. ती जोडलेली राहिली तर विंडोज सुरू करणारा छोटा भाग कधीकधी जुन्याच डिस्कवर बसतो. सगळं छान चालतं, आणि दोन वर्षांनी जुनी डिस्क काढलीस की मशीन उठतच नाही.

एसएसडी घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातच घे, पण बिल आणि नावाजलेली कंपनी सोडू नकोस. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक. त्यात 'पॉवर ऑन अवर्स' म्हणून एक ओळ असते: डिस्क आजवर किती तास चालली ते. नव्या डिस्कचा आकडा दोन-चार तासांचा असायला हवा. हजारांत दिसला तर कुणाच्या तरी ऑफिसातून उतरवलेला माल तुझ्या गळ्यात मारलाय. तडक परत नेऊन दे. जुन्या डिस्कचीही तब्येत तिथेच कळेल. 'कॉशन' असं पिवळं दिसलं, तर कोठार म्हणूनसुद्धा तिच्यावर विसंबू नकोस. आणि दोन डिस्क झाल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही हं, गिऱ्हाइकांचे अल्बम बाहेरच्या डिस्कवर वेगळे हवेतच.

राहिलं ते श्रीलिपी, तुझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. तुझं डोंगलवालं आहे की नोंदणीवालं, हे विंडोज नव्याने टाकण्याआधी विचारून घे. विकणाऱ्याला या आठवड्यातच फोन कर, लग्नसराई लागली की तो फोन उचलत नाही.