मन आणि जठराग्नी

आमच्या वडिलांजवळ मन मोकळे करणारे भाविक बहुधा दोन गाऱ्हाणी एकत्रच सांगतात : अन्न गोड लागत नाही आणि जीव कशात रमत नाही. आम्ही ही दुखणी निराळी समजत होतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात मात्र स्पष्ट म्हटले आहे की, चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे बेताने घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही.

उलट वाटही आहे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते. ते मेंदूत शिरत नाही. परंतु व्हेगस नामक मज्जातंतू आतड्यांची वार्ता मेंदूस पोचवितो. बेल्जममध्ये २०१९ साली हजारावर लोकांच्या तपासणीत खिन्न व्यक्तींच्या आतड्यांत कॉप्रोकॉकस व डायलिस्टर हे जंतू कमी आढळले. जंतू घटल्याने खिन्नता येते की खिन्नतेने जेवण बिघडून जंतू घटतात, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांना २०१६ साली भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला व मेगास्फीरा यांचे प्राबल्य दिसले. तेव्हा परदेशी निष्कर्ष आपणांस जसेच्या तसे लावणे घाईचे होईल.

ताक, आंबील, कोदो-कुटकीचा भात अवश्य घ्यावा. पण आम्हीच एका आप्तास सहा महिने हिंगाष्टक चूर्ण देत बसलो. तो रात्र रात्र जागत होता, हे कोणी विचारलेच नाही. पुढे डॉक्टरांच्या औषधाने त्यास झोप लागली, मग भूक. अशा वेळी १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही शासकीय सेवा विनामूल्य सल्ला देते.