मेथीची जुडी : चित्रीकरणाचा एक पाठ

स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण आता बहुतेक शाळांतून मोबाइलवर होते. परंतु तेच साधन भाषेच्या व गणिताच्या तासाला कसे उपयोगी पडेल, याचा विचार क्वचितच केला जातो. इयत्ता चौथीसाठी असा एक पाठ येथे सुचविला आहे.

प्रसंग मुलांच्या परिचयातील असावा. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, तरी तेथील उपबाजारात शेतकरी भाजीपाला आणतातच. त्या परिसरातील मुलांस विषय शोधावयास दूर जाणे नको. एका मुलीने मेथीच्या जुड्या मांडून बसावे. एका मुलाने गिऱ्हाईक व्हावे. जुडीची किंमत पंधरा रुपये. गिऱ्हाईक तीन जुड्या मागते, पण दर दहाचाच देऊ करते. यावर मुलीने काय उत्तर द्यावे ते तिचे तिला ठरवू द्यावे, शिक्षकांनी सांगू नये.

आता प्रश्न असा, की 'दहाला दे' हे शब्द उच्चारले जात असता कॅमेरा कोणाकडे असावा? मुले साहजिकच 'बोलणाऱ्याकडे' असे म्हणतील. दोन्ही प्रकारे चित्रण करून दाखवावे. ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा दिसला, की पाच रुपये कमी होणे म्हणजे काय, हे वर्गाला न सांगता कळते.

चित्रणापूर्वी विक्रेती व गिऱ्हाईक यांना जोडणारी एक रेषा खडूने जमिनीवर आखावी. कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूस ठेवावा. तो पलीकडे गेला तर डावीकडे पाहणारा मुलगा उजवीकडे पाहू लागतो, आणि दोघे परस्परांशी न बोलता एकाच दिशेला कोणा तिसऱ्याशी बोलत आहेत असे भासते. ही चूक एकदा मुद्दाम करून दाखवावी. मुले खूप हसतात, व नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

कॅमेरा हलवू नये. मोबाइल आडवा धरून कोपर बाकावर टेकवावे. जवळचे दृश्य हवे असल्यास स्वतः दोन पावले पुढे जावे. स्थिर कॅमेऱ्याचे सामर्थ्य दादासाहेब फाळके यांनी १९१२ सालीच दाखविले होते. कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. त्यात कॅमेरा जागचा हलत नाही, रोपटे तेवढे वाढते. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा.

उजेडासाठी सकाळचा व्हरांडा पुरेसा आहे. मात्र मुलांच्या पाठीमागे उघडे दार असू नये, चेहरे काळे पडतात. वाऱ्याने संवाद ऐकू येईनासे होतात, म्हणून भिंतीचा आडोसा घ्यावा.

मोबाइल शिक्षकांनी स्वतःच्या हाती ठेवण्याचा मोह आवरावा. वर्गात कधीच न बोलणारे मूल कॅमेऱ्यामागे उभे राहून 'अजून थोडे पुढे सरक' असे सांगू लागते, हा लाभ लहान नव्हे. पालकांच्या संमतीवाचून चित्रण बाहेर कोठेही पाठवू नये.

शेवटी चित्रण प्रथम आवाज बंद करून दाखवावे आणि सौदा कितीला ठरला असेल ते मुलांस विचारावे. मग आवाजासह दाखवून, पन्नासाच्या नोटेतून किती रुपये परत आले, याचा हिशेब प्रत्येकाने वहीत मांडावा.