तुला कुठे धावायचंय?

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, मुंबई बघायची हौस दांडगी, पण पोटात गोळाही आलाय. "ताई, तिथं सगळे पळतच असतात म्हणे, मला नाही जमायचं," म्हणालीस. पण तुला कुठे पळायचंय? आठ-दहा दिवस माझ्याकडे राहायला येतेयस, कुणाच्या हजेरीपटावर तुझं नाव नाही. एवढं आधी मनात पक्कं कर, बाकीचं सोपं आहे.

ही माणसं का पळतात ते सांगते, म्हणजे त्यांची भीती वाटणार नाही. घर परवडतं ते लांब, आणि नोकरी दुसऱ्या टोकाला. विरारहून चर्चगेट ६० किलोमीटर, कल्याणहून सीएसएमटी ५४ च्या आसपास, आणि रोज तेवढंच परत. तुझ्या दाजींची गाडी ७.४२ ची. ती चुकली तर मागोमाग दुसरी येते, पण त्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळेलच असं नाही. मग ऑफिसात लेट मार्क, संध्याकाळी निघायला उशीर, आणि पाळणाघरात आपलंच पोर शेवटी उरलेलं. सगळा दिवस त्या एका गाडीवर अवलंबून. म्हणून जिन्यात कुणाचा धक्का लागला आणि ती बाई मागे वळून न बघता निघून गेली, तर मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या डोक्यात फक्त गाडीची वेळ असते.

तू सकाळी देवगिरी एक्स्प्रेसने येशील तेव्हा मी उतरवून घ्यायला येईनच. घरी आलीस की पहिला दिवस नुसती झोप काढ. दुसऱ्या दिवसापासून एक सांभाळ: सकाळी साडेपाच ते आठ हे घर आमचं असतं. नळाला पाणी तेवढाच वेळ, न्हाणीघर एकच, डबे भरायचे. त्या वेळात मदत म्हणून स्वयंपाकघरात उभी राहू नकोस, पांघरूण घेऊन पडून राहा. आम्ही बाहेर पडलो की सावकाश उठ, निवांत आंघोळ कर. पाहुणी आळशी आहे असं इथे कुणी म्हणत नाही, उलट बरं वाटतं.

आमच्या डोंबिवलीहून निघायचं ते अकरानंतर. सकाळचा लोंढा सीएसएमटीकडे, संध्याकाळचा उलट, हे ध्यानात ठेवलंस की निम्मी गर्दी टळली. इंडिकेटरवर गाडी कुठवर जाणार, जलद की धीमी, डबे १२ की १५, सगळं लिहिलेलं असतं. लेडीज डबा कुठे येईल ते शोधत बसू नकोस. प्लॅटफॉर्मवर बायका जिथे घोळक्याने उभ्या असतील, त्यांच्या मागे जाऊन थांब. शेजारीच पहिल्या वर्गाचा डबा असतो. मोकळा दिसतो म्हणून शिरशील तर दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर दंड बसेल.

डब्यात एखादी विचारेल, "कुठे उतरणार?" ही चौकशी नव्हे, ती तुझ्या जागेचा नंबर लावतेय. स्टेशनचं नाव सांग, ती मान डोलावेल, झालं. तिघींच्या बाकावर चौथी टेकते, तीही रीतच. थोडं सरकून घ्यायचं. दुपारच्या गाडीत बघ, कुणी मांडीवर पिशवी उघडून मेथी निवडत असते, कानातल्यांची पाकिटं लावलेली मोठी चौकट घेऊन विक्रेती फिरते, आणि सगळ्याजणी हात लावून बघतात. मला या डब्याने पुष्कळ माया दिलीय. नवरात्रात त्या-त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसून अख्खा ग्रुप चढतो, तेव्हा तू असायला हवी होतीस.

दादरला उतरायचं असेल तर घाटकोपर गेलं की उठ. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते शेजारणीला विचार. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. आणि मामांनी सांगितलेले दादरचे प्लॅटफॉर्म नंबर विसर. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग झालेत. पुलावर रस्ता चुकलीस तर मधोमध थांबू नकोस, कठड्याला लागून उभी राहा, मग कुणालाही विचार. उत्तर तुटक येईल: "दहा नंबर, पलीकडून खाली." पण ते बरोबर असतं. आपल्या परभणीच्या बोलीत बिनधास्त विचार, लाजायचं काही कारण नाही.

आता एक गोष्ट मोठ्या बहिणीच्या अधिकाराने सांगते. सुटलेली गाडी धावत पकडायची नाही. शेजारची मुलगी पकडेल, हसत पकडेल, तरी नाही. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी मुंबईच्या लोकलमार्गांवर २,००० हून जास्त माणसं गेली, कुणी रूळ ओलांडताना, कुणी गाडीतून पडून. तू दहा मिनिटं उशिरा पोचलीस म्हणून काही बिघडत नाही. दारात उभं राहून फोनही काढू नकोस. रुळांकडेला उभे असलेले चोर हातावर फटका मारतात, फोन सोडवायला गेलेली माणसं तोल जाऊन पडलीत.

नातेवाइकांचं काय ते मी बघते. बोरिवलीची मावशी, वाशीचे काका, दोघांकडे एकाच दिवशी जायचं म्हणतेस, ते सोड. नकाशात जवळ दिसतं, पण इथून बोरिवलीला दादरला गाडी बदलून दोन तास सहज जातात, आणि मावशी जेवल्याशिवाय सोडणार नाही. तिच्याकडे एक अख्खा दिवस दे. काकांना फोन कर, रागावणार नाहीत. इथे सगळ्यांनाच अंतराची कल्पना आहे. राणीच्या बागेत जायचं तर बुधवार टाळ, त्या दिवशी बंद असते. मरीन ड्राइव्हला सूर्यास्त बघितलास की लगेच परत निघू नकोस, तेव्हा गाड्या खच्चून भरलेल्या असतात. कट्ट्यावरच बसून राहा, नऊ वाजू दे.

परतीची देवगिरी रात्रीची आहे. संध्याकाळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलला बसायला जागा मिळते, सामानाची चिंता नको. फक्त तिकीट रविवारचं काढू नकोस. मेगाब्लॉक असला की दिवसभर गाड्या रखडतात. आणि आईला म्हणावं, लोणच्याची बरणी काचेची नको, डब्यात भरून दे.