आकड्यांचा रंग

कार्यालयातील अहवाल म्हणजे बहुधा आकड्यांनी भरलेला तक्ता. शंभर ओळी आणि बारा रकाने असले, की आकडे होतात बाराशे. त्यांतील चिंतेचा आकडा कोणता, हे शोधताना डोळे थकतात. पूर्वी हिशेबनीस अशा आकड्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढीत असत. आता हे काम संगणकाकडे सोपवता येते. ‘साठा शंभराहून कमी झाला, तर चौकट लाल कर’ अशी अट एकदा घातली, की आकडे बदलतील तसे रंगही आपोआप बदलतात. या सोयीला ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ म्हणतात. मराठीत तिला ‘अटीनुसार रंगयोजना’ म्हणता येईल.

ही रीत केवळ कचेरीपुरती नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पर्जन्यनकाशात प्रत्येक जिल्हा अशाच अटीने रंगवलेला असतो. पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा अधिक असेल, तर जिल्हा हिरवा दिसतो. तूट २० टक्क्यांवर गेली, की तो लाल होतो. म्हणजे एका टक्क्याने रंग बदलतो, शेतातील ओल मात्र जवळजवळ तेवढीच असते. त्याच नकाशात ६० टक्क्यांहून मोठी तूट पिवळ्या रंगाने दाखवतात. लालपेक्षा पिवळा अधिक वाईट! याच विभागाच्या इशाऱ्यांमध्ये मात्र पिवळा रंग केवळ सावध राहा असे सांगतो आणि लाल हा सर्वांत गंभीर असतो. म्हणून नकाशा पाहण्यापूर्वी कोपऱ्यातील रंगसूची वाचणे आवश्यक ठरते.

रंगाची अट ठरवणे किती अवघड असते, हे चेन्नईच्या तलावांवरून कळते. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चार तलाव त्या शहराचे जुने जलस्रोत आहेत. महाराष्ट्रात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. चेन्नईला मोठा पाऊस मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. २०१९ च्या जूनमध्ये हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी चेन्नईत पोहोचली. तिच्यात सुमारे २५ लाख लिटर पाणी होते. अशा वर्षी तलाव भरलेला दिसला असता, तर कोणीही ती चौकट आनंदाने हिरवी केली असती.

परंतु २०१५ मधील चित्र नेमके उलट होते. नोव्हेंबरच्या पावसाने तलाव आधीच भरत आले होते. त्यानंतर २ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तांबरम येथे सुमारे ४९ सेंटीमीटर पाऊस कोसळला. चेंबरंबाक्कममधून अड्यार नदीत सेकंदाला २९ हजार घनफूट पाणी सोडावे लागले. इतर ओढ्यांचे व तलावांचे पाणीही त्याच नदीत येत होते. काठावरील वस्त्या बुडाल्या.

चेंबरंबाक्कमची क्षमता ३,६४५ दशलक्ष घनफूट आहे. समजा, अहवालात साठा ३,२०० असा लिहिला आहे, म्हणजे सुमारे ८८ टक्के. मार्चमध्ये हा आकडा दिलासा देतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तोच झोप उडवतो, कारण नव्या पावसाला जागाच उरलेली नसते. यासाठी अटीत आकड्याबरोबर महिनाही हवा. ‘ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये साठा ८५ टक्क्यांहून अधिक असेल, तर नारिंगी’ ही अट वर आणि ‘साठा ५० टक्क्यांहून अधिक असेल, तर हिरवा’ ही अट खाली लिहावी. दोन अटी एकाच चौकटीला लागू पडल्या, तर एक्सेलसारख्या कार्यप्रणालीत यादीतील वरच्या अटीचा रंग लागतो. क्रम उलटला, तर नोव्हेंबरमधील ८८ टक्केही निमूटपणे हिरवे दिसतील. आकडा खरा असूनही वाचणारा फसेल.

आणखी एक अडचण छपाईची. अनेक कचेऱ्यांत अहवालाची प्रत काळ्या-पांढऱ्या रंगात निघते. तीत लाल आणि हिरवा दोन्ही करडेच दिसतात. काही व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, हे दोन रंग जन्मतःच वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून रंगीत चौकटीत बाण किंवा ‘सावध’ असा शब्दही असावा.

विचार करा व लिहा :
किराणा दुकानातील मालाच्या यादीत ‘२० किलोहून कमी असेल, तर लाल’ अशी एकच अट तांदूळ आणि हळद या दोहोंना लावली, तर काय होईल? तुम्ही कोणत्या अटी घालाल व त्या कोणत्या क्रमाने लिहाल?