'सकल बन' नक्की कोणाचं?

प्रश्न : 'हीरामंडी' या मालिकेतलं 'सकल बन' हे गाणं अमीर खुसरोंचं आहे, असं वाचलं. सातशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कवीचं गाणं आज मोबाइलवर वाजतंय, हे खरं मानायचं का? आणि ते इतकी वर्षं टिकलं कसं?

उत्तर : टिकलं ते गाणाऱ्यांच्या गळ्यात. म्हणूनच ते खुसरोंचं किती, हा प्रश्न अवघड होऊन बसतो.

उत्तर प्रदेशातल्या पटियालीत जन्मलेले अमीर खुसरो (१२५३–१३२५) दिल्लीच्या एकामागून एक आलेल्या सुलतानांच्या पदरी होते. त्यांच्या नावावर पक्कं असलेलं लेखन फारसीत आहे. हिंदुस्थानची हवा, पक्षी आणि भाषा यांचं भरभरून कौतुक करणारा त्यांचा 'नुह सिपिहर' १३१८ मधला. हे ग्रंथ हस्तलिखितांतून नीट जपले गेले. आज ते उघडतात फक्त अभ्यासक. हिंदवीतल्या, म्हणजे तेव्हाच्या बोलीभाषेतल्या, रचनांचं उलट झालं. त्या आपण मित्रांमध्ये वाटून टाकल्या, असं खुसरोंनी स्वतःच एका दिवाणाच्या (काव्यसंग्रहाच्या) प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्यांच्या हयातीतलं या गाण्यांचं एकही हस्तलिखित आपल्या हाती नाही.

ती जपली दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन दर्ग्यातल्या कव्वालांनी. निजामुद्दीन औलिया हे खुसरोंचे गुरू. दोघंही १३२५ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं गेले आणि दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत. कव्वाल घराण्यांत बापाकडून मुलाकडे ही पदं येत राहिली. 'आज रंग है' सुरू झालं की मैफल संपत आली हे जाणकार ओळखतात. पुष्कळदा श्रोते उठून उभे राहतात. वसंतात याच दर्ग्यात पिवळे फेटे, पिवळ्या ओढण्या आणि मोहरीची फुलं घेऊन लोक जमतात. 'सकल बन' हे त्या दिवसाचं गाणं. २०२४ मध्ये संजय लीला भन्साळींनी नर्तकींना पिवळा पेहराव दिला, त्यामागे ही एवढी जुनी रीत आहे.

दुसरी वाट बायकांची. 'काहे को ब्याहे बिदेस' हे लेकीनं बापाला विचारलेलं गाणं उत्तरेत लग्नघरी पाठवणीच्या वेळी म्हणतात. मुझफ्फर अलींच्या 'उमराव जान'मध्ये (१९८१) ते जगजीत कौर यांनी गायलं, खय्याम यांच्या संगीतात. जरूर ऐका. त्यांचा आवाज जराही सजवलेला नाही. घरातलीच कुणी वडीलधारी बाई गातेय असं वाटतं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच इथंही झालं असणार : जिनं गायलं तिनं एखादा शब्द बदलला, एखादं कडवं जोडलं. या गाण्यांची भाषा चौदाव्या शतकाच्या मानानं बरीच अलीकडची वाटते, ती त्यामुळेच. गाभा खुसरोंचा असू शकतो. आज कानावर पडतो तो शब्दन्‌शब्द त्यांचा आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. सतार आणि तबला त्यांनी शोधला, या लोकप्रिय समजुतीलाही त्यांच्या काळातला आधार नाही.

सिनेमानं हीच रीत पुढं चालवली, असं मी म्हणेन. 'छाप तिलक' १९७८ च्या 'मैं तुलसी तेरे आँगन की'मध्ये लता आणि आशा दोघींनी मिळून गायलं. खुसरोंच्या नावावरची एक गझल अर्धी फारसी, अर्धी ब्रज आहे : ओळ दरबारी भाषेत सुरू होते आणि विरहिणीच्या बोलीत संपते. गुलजारांनी 'गुलामी'साठी (१९८५) तिचे फक्त सुरुवातीचे शब्द उचलले, पुढं सगळं गाणं आपलं लिहिलं. त्या फारसी शब्दांचा अर्थ न कळताही लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पाकिस्तानच्या 'कोक स्टुडिओ'त २०१४ मध्ये आबिदा परवीन आणि राहत फतेह अली खान यांनी 'छाप तिलक' गायलं. ते सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आवडीनं ऐकलं जातं.

महाराष्ट्रातही या गोष्टीचा एक धागा आहे. खुसरोंचे जिवलग मित्र कवी हसन सिजझी यांनी निजामुद्दीनांची संभाषणं फारसीत लिहून काढली. हसन पुढं दौलताबादकडे आले. त्यांची कबर खुलताबादला आहे. वेरूळची लेणी बघायला जाल, तेव्हा तिथून ती अगदी जवळ पडते.